शेवट बघायला कोण थांबतं?

पडद्यावर फाशीचा खटका ओढला गेला आणि थिएटरातली निम्मी माणसं उठलीच. पार्किंगमधून गाडी आधी बाहेर काढायची असते ना! त्या डोक्यांच्या फटींतून मी मान वाकडी करून बघत होते. खरा खुनी आत्ता कुठे सापडत होता. फाशी गेलेला माणूस निर्दोष होता, हे सांगायलाच तर अख्खा सिनेमा काढलेला! कसली मेली घाई असते आपल्याला?

शेजारचे काका अंधारात चपला शोधत बायकोला म्हणाले, "बरं झालं, लटकवला एकदाचा."

मला राहवेना. "अहो काका, त्यानं खून केलाच नव्हता. बघा की तिकडे!"

त्यांनी उभ्याउभ्याच पडद्याकडे पाहिलं.

"असं होय? पण आता काय उपयोग? फाशी तर झाली," म्हणाले, आणि गाडीची किल्ली चाचपत बाहेर पडले.