वडाच्या रोपासाठी फोडलेली निळी कुंडी

मंडळी, आज सकाळी इथे आखातात, इंटरनॅशनल सिटी या वसाहतीतल्या आमच्या बाल्कनीत मी हातोडा चालवला. खालचे मल्याळी शेजारी धावत वर आले. "भाईसाब, सब ठीक है ना?"

ठीक नव्हतं. बोन्साय करायचं म्हणून दोन वर्षांपूर्वी वडाचं बोटभर रोप मी निळ्या चिनी मातीच्या कुंडीत लावलं. कोवळ्या रोपाला आधी ऐसपैस, भोकाभोकांचं भांडं द्यावं, खोड जाडावल्यावर शोभेची कुंडी, हे मी वाचलं होतं. पण या कुंडीची मान शंखासारखी निमुळती. ज्या संस्कृतात सुंदरीच्या मानेला शंखाची उपमा देतात, ते शिकलेला माणूस अशा मानेवर भाळतोच. रोप बोटभरच राहिलं आणि या आठवड्यात पानं गाळू लागलं.

दुसऱ्या भांड्यात हलवायला गेलो, तर त्या मानेतून मुळं निघेनात. तीन घावांत कुंडी फोडली. आत मुळांनी एकमेकांचा गळा आवळला होता. ब्रेडच्या सुरीनं निम्मी मुळं कापून टाकली.

"बाबा, यू आर किलिंग इट!" लेक किंचाळली.

"खून दोन वर्षं चालू होता गं. आज थांबवतोय."

मग रोप प्लास्टिकच्या चाळणीत लावलं. भोकांपाशी मुळांची टोकं हवेनं सुकतात, आत नवी फुटतात आणि झाड झपाट्यानं वाढतं.

"ती माझी तांदूळ धुवायची चाळणी आहे," बायको म्हणाली.

"होती."

रोप सावलीत आहे, लेक माझ्याशी बोलत नाहीये. निम्म्या मुळांवर तुमच्यापैकी कुणाचा वड जगलाय का? जगला असेल तर जरूर लिहा. तिला वाचून दाखवायचंय.