तीन शेपट्यांचा किडा

सटवाजी भोई रागीट आहे, हे दुसऱ्या कुणी सांगायची गरज नव्हती. तो स्वतःच चारचौघांत सांगायचा. पण तिरू नदीच्या काठी गळ टाकून बसला की हाच माणूस तासन्‌तास हूं की चूं करत नसे. जाळं त्याला आवडायचं नाही. जाळ्यानं आंधळाही मासे धरतो, म्हणायचा. कोंबडीच्या पिसाचा खोटा किडा करून तो गळाला बांधायचा, आणि आज कुठला किडा बांधायचा हे आधी नदीला विचारून घ्यायचा.

विचारायचा म्हणजे पाण्यातले दगड उलटे करायचा. दगडाच्या पोटाला नखाएवढे किडे असतात, त्यांच्या शेपट्या मोजायचा. तीन शेपट्या आणि अंग चपटं, ती चिकटी. तीनच शेपट्या पण अंग गोल, बोट लावलं की सुळकन पळते, ती पळपुटी. ही नावं त्याचीच. यांना पुढे पंख फुटतात आणि दिवस कलला की त्या पाण्यावर थव्याने नाचतात. त्यांना तो पाव्हणी म्हणायचा, कारण ती दिसभर जगते आणि तोंडच नसल्यामुळे काही न खाता जाते. "असले पाव्हणे आपल्या घरी कवा येतेत?" त्याची बायको तुळजाबाई विचारायची. चिकटी निघायच्या दिवसांत पळपुटीचं पीस बांधलं तर मासा ढुंकूनही बघत नाही, हे शिकायला त्याला तीस वर्षं लागली. आणि त्याच तीस वर्षांत आणखी एक गोष्ट कळली. पाणी नासलं की हे किडे सगळ्यात आधी मरतात. ते दिसले की तो बिनघोर ओंजळ भरून प्यायचा.

लातूर जिल्हा नवा झाला आणि त्याच्या मागोमाग दुष्काळ आला. नदी आटून गावाखाली एकच डोह उरला. माणसं, गुरं, सगळी त्याच्यावर.

लिंगायत आळीत फडक्यानं गाळल्याशिवाय पाणी घरात घेत नाहीत. रीत चांगली आहे, सटवाजीही तिला नावं ठेवत नसे. डोह उथळ झाला तसे फडक्यात किडे दिसायला लागले आणि सरपंच महादेवप्पांची बायको बसम्मा किंचाळली. महादेवप्पांनी किडा नीट पाहिलासुद्धा नाही. डोहात डासाच्या अळ्या झाल्या, असा अर्ज त्यांनी नव्या जिल्ह्याला ठोकला. नवा जिल्हा नव्या नवरीसारखा कामाला वाकलेला. चौथ्या दिवशी जीप आली, साहेब आला, औषधाचे दोन डबे आले.

सटवाजीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. त्यानं दोन जर्मनच्या ताटल्या आणून साहेबासमोर आदळल्या.

"हे डोहातले. तीन शेपट्या, बाजूनं पिसं. आन्‌ हे वळवळायलेत ते डास. कुटले ठावं हाय? सरपंचाच्या परड्यातल्या हौदातले! दवा टाकायची तर तिथं टाका."

साहेब वाकला. बराच वेळ बघत राहिला. माणूस वाईट नव्हता, आणि त्याचाच जास्त संताप येतो. "तुमचं बरोबर दिसतंय," तो म्हणाला. "पण अर्ज आलाय. भरले डबे परत नेले तर मला जाब विचारतील. सरपंचांनी अर्ज मागे घेतला तर आत्ता निघतो."

सगळ्यांनी महादेवप्पांकडे पाहिलं. नुसतं 'हाव' म्हणून मान हलवायची होती. पण गावासमोर चुकलो म्हणायचं, आणि तेही एका भोयामुळे!

"मासे खाणाऱ्याला इचारून आता पाणी प्यावं का आमी?" महादेवप्पा म्हणाले.

"अप्पा, मी बी त्योच डोह पितो!" सटवाजी ओरडला. चौघांनी त्याला धरून ठेवलं आणि डबे ओतले गेले. बसम्मा पदर तोंडाला लावून उभी होती.

सांजेला महादेवप्पांनी फडकं झटकून सगळ्यांना दाखवलं. एक किडा नव्हता. सकाळी डोहावर मासे पोट वर करून तरंगत होते आणि पाण्याला रॉकेलसारखा वास येत होता. गुरं काठापर्यंत जाऊन मागे फिरली. जनावराला कळलं ते सरपंचाला कळलं नव्हतं.

मग टँकर. तो दर तिसऱ्या दिवशी यायचा, आला तर. रोज सकाळी लोक डोहावर जमायचे. सटवाजी शिव्या देत पाण्यात उतरायचा, दगड उलटायचा, बघायचा आणि म्हणायचा, "न्हाई." लोक रिकाम्या घागरी घेऊन परत फिरायचे.

अठराव्या दिवशी रिकामी घागर घेऊन बसम्मा एकटी आली. टँकर दोन खेपा चुकला होता, घरात सासू तापानं फणफणलेली. महादेवप्पा वर बांधावर पाठमोरे उभे होते.

"सटवादादा, पाणी तर निवळशंख दिसायलंय. वास बी गेला. आता तरी घिऊ का?"

सटवाजीनं ओला दगड तिच्यासमोर धरला. दगड धुतल्यासारखा स्वच्छ होता. त्याच्या मनात आलं होतं की खूप बोलावं, बांधावरच्या माणसाला ऐकू जाईल असं बोलावं. पण त्यानं तिच्या रिकाम्या घागरीकडे पाहिलं.

"न्हाई, अक्का," तो म्हणाला. "तुज्या फडक्यात किडे आले म्हंजी पी."