दसऱ्याला दिसलेला पाना

सत्तर सालच्या आसपास आमच्या बोरीवलीच्या चाळीत दोनच सायकलींना फ्रीव्हील नव्हतं: एक माझी, दुसरी शेजारच्याची. तो परळच्या गिरणीत फिटर होता. या सायकलींचं चाक फिरलं की पायडल फिरणारच. मागचं दातेरी चक्र एका रिंगने आवळलेलं असतं, आणि ती रिंग बसवायला आकड्याचा, म्हणजे टोकाला हूक असलेला, पाना लागतो. माझी रिंग ढिली झाली म्हणून मी तो मागितला, तर फिटर म्हणाला, "असला पाना कोणाकडे असतो रे? छिन्नी लाव, हातोडी मार."

मला संशय आला. त्याच्या स्वतःच्या रिंगवर छिन्नीचा एक ओरखडा नव्हता. मग काय दातांनी आवळली होती?

मी दसऱ्यापर्यंत थांबलो. शेजाऱ्याशी खोटं बोलता येतं, पण हत्यार पूजेबाहेर ठेवायची छाती कुठल्याच फिटरची होत नाही. संध्याकाळी आपट्याचं सोनं द्यायला गेलो, तर पाटावर झेंडूखाली आकड्याचा पाना होताच. पुजलेलं हत्यार त्या दिवशी उचलत नाहीत, म्हणून तेव्हा मागितला नाही. दुसऱ्या दिवशी सकाळीच त्याच्या दारात उभा राहिलो. पाट रिकामा होता.

"कुठला पाना?" त्याने विचारलं. बोटांना अजून कुंकू होतं.