तोंडाचा वास, बाहीचा वास

ती रविवारची संध्याकाळ मी अजून विसरलेलो नाही. चौदा माणसांना रांगेत उभे करून मी त्यांची तोंडे हुंगली होती, आणि तसे करण्याचा मला अधिकार आहे का, हा प्रश्न माझ्या मनाला शिवलाही नव्हता.

साठच्या आसपासची गोष्ट. मालवण किनाऱ्यावरच्या एका ठाण्यात मी फौजदार होतो. घाटावरचा, नोकरीत नवा, आणि स्वतःच्या हुशारीवर बेहद्द खूश. आपल्याकडे दारूबंदी, पलीकडे गोव्यात दारू उघड्यावर. त्यामुळे वरून सारखी विचारणा यायची, केसेस किती केल्या? कायद्यात नुकतेच एक कलम आले होते. एखादा दारू प्यायला आहे असे मानायला वाजवी कारण असेल, तर पोलिसाने त्याला डॉक्टरपुढे हजर करायचे, डॉक्टरने तपासायचे, गरज पडल्यास रक्त घ्यायचे. त्यातले रक्त माझ्या लक्षात राहिले, वाजवी कारण राहिले नाही.

खबर एका मासळीच्या व्यापाऱ्याने दिली. किनाऱ्यावर होड्या ठेवायच्या एका मांगरात गावातल्या लोकांनी पत्ते आणि कॅरम मांडले होते. गाव त्याला कौतुकाने क्लब म्हणे.

"आज पाच वाजता थंय सोरो येतलो, सायब," तो म्हणाला. सोरो म्हणजे दारू. हा गृहस्थ महिन्यापूर्वी क्लबातून भांडून बाहेर पडला होता, हे मला ठाऊक होते. खबर देणाऱ्याला त्यातून काय मिळते ते आधी पाहावे, असे मी पुढे कितीतरी शिपायांना शिकवले. त्या दिवशी मात्र हवालदार, चार शिपाई आणि दोन पंच घेऊन धावत सुटलो.

आत चौदा जण नव्या कोऱ्या रेडिओभोवती बसले होते. झडती घेतली. बाटली नाही, पेला नाही. पण दारूचा वास मात्र भपकन नाकात शिरला. माझे डोके फिरले.

"सगळे भिंतीला लागा! तोंड उघडा आणि फुंका!"

वडिलांच्या वयाची माणसे माझ्या तोंडावर फुंकत होती आणि खाली बघत होती. दहा जणांकडे काही मिळाले नाही. अकरावे शाळामास्तर. पांढरा सदरा, पन्नाशीला आलेले. मी त्यांना दंडाला धरून जवळ ओढले आणि वास आला. उरलेल्या तिघांकडेही काही नव्हते. पंचनाम्यात मास्तरांच्या नावापुढे लिहिले, 'तोंडाला दारूचा उग्र वास'. पंचांनी मुकाट सह्या केल्या. बाकीच्यांना तरी का सोडायचे? नाकाला न कळलेले रक्तात कळेल, म्हणून चौदाही जणांना बाजारातून चालवत दवाखान्यात नेले. मासळीवाल्या बायका टोपल्या सोडून उभ्या राहिल्या होत्या.

डॉक्टर वयस्कर आणि तिरसट. त्यांनी पंचनामा वाचला आणि चष्म्यावरून रांग पाहिली.

"या तेरा जणांबद्दल तुमचे वाजवी कारण काय?"

"ते तिथे होते."

"तिथे तुम्हीही होतात. काढू का तुमचे रक्त?"

तेरा जणांना जा म्हणण्यावाचून इलाज नव्हता. उरले मास्तर. गुन्हा नोंदवला की दुसऱ्या दिवशी त्यांचे निलंबन ठरलेले. रक्ताचा अहवाल मुंबईहून यायला महिना लागणार, आणि घर त्यांच्या एकट्याच्या पगारावर.

"दारू कोणी आणली?" मी विचारले.

"मी प्यायलेलो नाही. माझे रक्त घ्या. दुसऱ्या कोणाचे नाव मी घेणार नाही."

मी आवाज चढवला, नोकरीची भीती घातली. पण मास्तरांच्या तोंडून नाव निघाले नाही. आयुष्यात मी बरेच खोटे बोलणारे पाहिले. त्यांतला एकही आपणहून 'माझे रक्त घ्या' म्हणाला नव्हता.

डॉक्टरांनी त्यांचे डोळे पाहिले, चालायला लावले, तोंडाशी नाक नेले. मग त्यांची उजवी बाही उचलून माझ्यापुढे धरली. "वास इथे आहे, फौजदारसाहेब. तोंडाला काही नाही."

तेव्हा दाराशी उभा असलेला आमचा हवालदार खाकरला. तो तिथलाच. "सायब, मांगराभायर राखणदाराचो दगड आसा. थंय रोट नि विडी ठेवलेली मी येतानाच बघलंय."

"मग बोलला का नाहीस?"

"तुमी इचारल्यात खंय? आल्याआल्या तोंडां हुंगूक लागल्यात."

मग त्याने मला सगळे समजावले. नवी वस्तू आणली की तिथे जागेच्या राखणदाराला, म्हणजे तिचे रक्षण करणाऱ्या देवाला, गाऱ्हाणे घालतात, साकडे घालावे तसे. गाऱ्हाण्याचा मान मास्तरांच्या घराण्याकडे. ते एकेक मागणे म्हणतात, बाकीचे 'व्हय महाराजा' म्हणून साथ देतात, शेवटी गाऱ्हाणे घालणाराच दगडावर दारू ओततो. रेडिओ नीट वाजावा म्हणून एवढा खटाटोप! आणि गाऱ्हाणे घालणारा त्या दिवशी पाण्याचा थेंबही घेत नाही.

मी पंचांना घेऊन परत गेलो. दगडाखालची माती ओली होती. मूठभर उचलून हुंगली, आणि शरमेने कान तापले. बाहीचा वास मी तोंडाच्या नावावर लिहून मोकळा झालो होतो. हवालदार हळूच म्हणाला, "पंचनामो झालो हा, सायब. आता फिरवल्यात तर तुमच्यार येतला." तरी तिथेच बसून दुसरा पंचनामा लिहिला आणि पहिल्यात काय चुकले ते त्यात नमूद केले. गुन्हा नोंदवला नाही. वरून ठपका आला, तो रास्तच होता. दारू कोणी आणली याचा शोध मी पुन्हा घेतला नाही. त्याला कोणी कर्तव्यात कसूर म्हणाले, तर माझी हरकत नाही.

मास्तरांच्या आग्रहावरून रक्त मुंबईला गेले होते. महिन्याने अहवाल आला, मद्य आढळले नाही. मी तो घेऊन त्यांच्या घरी गेलो. मधल्या महिन्यात शिक्षणखात्याने खुलासा मागवला होता, आणि बाजारात लोक त्यांना पाहून श्वास रोखल्याचे नाटक करत होते. त्यांनी कागद वाचला आणि परत माझ्या हातात दिला. दवाखान्यात शुद्ध पुस्तकी बोलणारा माणूस घरच्या बोलीत म्हणाला,

"तुमी माका बाजारातसून नेल्यात, सायब. ह्यो कागद थंयच वाचूक व्हयो."

दुसऱ्या दिवशी सकाळी गणवेश चढवून मी मासळी बाजारात उभा राहिलो. एवढी भीती मला दरोडेखोरांपुढेही वाटली नव्हती. अहवाल मोठ्याने वाचला आणि म्हणालो, "चूक माझी होती. त्या चौदा जणांना रांगेत उभे करण्याचा मला अधिकार नव्हता." कोणी हलेना. मग एक म्हातारी कोळीण सुरमईवरचा कोयता थांबवून खणखणीत आवाजात म्हणाली, "व्हय महाराजा!" आणि सारा बाजार तिच्यामागून म्हणाला.

पुढे सगळ्या नोकरीत मी अनेकांना डॉक्टरपुढे नेले. प्रत्येकाचे कारण वेगळे लिहिले, आणि लिहिण्याआधी त्या माणसाला विचारले. मास्तरांना त्या सकाळी मी गर्दीत शोधले, माफी मागायची होती. पण शाळेची वेळ झाली होती, आणि अहवाल ऐकून ते बाजाराची पिशवी उचलून निघून गेले होते.