बोहल्यावरचा डायलॉग

मालिका लिहिणाऱ्याला आमच्याकडं कुणी लेखक म्हणत नाही. "टीव्हीत कामाला हाय," एवढंच. बरीच वर्षं मी मुंबईत बसून सासू-सुनांची भांडणं लिहिली. चॅनलचा फोन यायचा, "रेटिंग पडलंय, थोरलीला जिन्यावरून ढकला." मी ढकलायचो. थोड्या दिवसांनी परत फोन, "उठवा तिला, बाया रडायल्यात." मी उठवायचो. आमच्या धाराशिव जिल्ह्यात एकालाही माझं तोंड माहीत नव्हतं. तेच बरं होतं बघा.

मग एक वेब सिरीज आली. गोष्ट आमच्या भागातली, बोली आमची, म्हणून लिहायला मला घेतलं. त्यात बायकोला छळणारा एक नवरा होता. त्याला मी दारू पाजली नव्हती, मुद्दाम. दारूवर ढकललं की लोक माफ करून मोकळे होतात. त्या कामाला पुण्याचा नट आणला होता. चांगला होता बिचारा, पण तो "लई" म्हणाला की हातमोजे घालून शेण काढल्यासारखं वाटायचं. दिग्दर्शक वैतागला आणि मला म्हणाला, "तूच कर की." मी नको नको म्हणालो आणि लगोलग केस विंचरायला गेलो.

त्या नवऱ्याचा एक डायलॉग आहे. बायकोला चहा आणायला जरा उशीर होतो आणि हा बाजेवरून ओरडतो, "बायकू हायेस का बुजगावणं? हल की!" आणि पुढं एक घाण शिवी. कॅमेऱ्यापुढं मी ती ठासून दिली. इथं लिहायला हात धजत नाही. लोकांना त्या माणसाची किळस यावी म्हणून लिहिलं होतं, देवाशपथ! आणि लोकांना तो आवडला. कळंबच्या स्टँडवर पोरं अडवायची, "सर, एकदा 'हल की' म्हणा ना." घराघरात नवरे बाजेवर लोळून व्हिडिओ काढायला लागले, चहा घेऊन पळायला बायकोच. तेरखेड्याला फटाके बनतात, तिथं एकानं फटाक्याच्या खोक्यावर 'हल की' छापलं. तेव्हाच मला कळायला पाहिजे होतं की काहीतरी चुकलंय. मी काय केलं? त्या खोक्याचा फोटो स्टेटसला ठेवला.

भाचीचं लग्न ठरलं तेव्हा आक्काचा फोन आला. आक्का म्हणजे माझी थोरली बहीण, दिली कळंबजवळ. ही तिची एकुलती एक लेक.

"मामा म्हणून ये," आक्का म्हणाली. "त्या मेल्याला मंडपात आणू नको."

"आक्का, खुळी का काय तू? मी कशाला मंडपात तसलं बोलंन?"

"लोक बोलायला लावतेत तुला. आन् तुला बी लावून घ्यायची हौस हाय." आक्का मला ओळखून आहे. मग तिचा आवाज खाली आला. "पोरगी नव्या घरी चालली. तिथं तिला कसं बोलायचं, ते लोक पयल्या दिवसापासनं ठरवतेत. मामाच असं बोलतोय म्हणल्यावर त्यांना वाटंल, हिच्या माहेरी चालतंय."

मी शब्द दिला. मनापासून दिला, खोटं नाही सांगत.

लग्न मंगल कार्यालयात होतं. आमच्याकडं मामानं नवरीचा हात धरून तिला बोहल्यावर आणायचं आणि मंगलाष्टकं संपेपर्यंत तिच्या मागं उभं राहायचं. मी आणलं. तिचा हात घामानं ओला झाला होता. अंतरपाट धरला. पण आमच्याकडच्या लग्नात अक्षता पडायच्या आधी सत्कार होतात, म्हणजे होतातच. मग भटजी ताटकळू दे, नाहीतर मुहूर्त टळू दे. निवेदकानं सोसायटीचे चेअरमन घेतले, माजी सभापती घेतले, आणि मग एकदम किंचाळला, "आणि मंडळी, नवरीचे मामा कोण आहेत, ओळखलं का?"

शिट्ट्या सुरू झाल्या. माझ्या डोक्यावर फेटा बसला आणि हातात माईक आला. मला माईक परत देता आला असता. लोकांना हात जोडून "आज मी फक्त मामा" एवढं म्हणता आलं असतं, आणि ते वाक्य चांगलंही झालं असतं. लेखक आहे, मला कळतं ते. पण एवढी माणसं माझ्याकडं बघत होती. मुंबईत खोलीत बसून लिहिताना आपल्याला कुणीही बघत नसतं हो! मी मनात म्हणालो, शिवी तेवढी गाळू, म्हणजे आक्काचा शब्द राहिला आणि लोकांचंही मन राहिलं. भारी शहाणा मी.

भाचीच्या डोक्यावरून मी माईक तोंडाशी नेला. "बायकू हायेस का बुजगावणं? हल की..." आणि थांबलो.

शिवी सगळ्या मंडपानं दिली. एका सुरात. अक्षता मुठीत घेतलेली म्हातारी माणसं हसली, लेकरांनी ती शिवी दोन-दोनदा म्हटली. आणि अंतरपाटाच्या पलीकडून एक आवाज सगळ्यात जवळून आला. तो नवरदेवाचा होता. मला भाचीचं तोंड दिसत नव्हतं, पाठ दिसत होती. ती ताठ झाली. मंगलाष्टकं सुरू झाली तरी ती तशीच होती.

जेवणावळीत मी आक्काला गाठलं. "आक्का, म्या शिवी नाही दिली. लोकांनी दिली."

"व्हय बाबा," ती म्हणाली. "तू कशाला देतूस? तू तर नुसतं लिहितूस." आणि कुणाच्या तरी पानात भात वाढायला पुढं गेली. मी तिथं उभा होतो, फेटा घालून. इतकी लाज मला आयुष्यात वाटली नव्हती.

पंचमीला भाची माहेरी आली. मीही गेलो होतो. सण झाल्यावर जावई तिला न्यायला आले. माणूस तसा वाईट नाही. माझ्या पाया पडले, शेजारी बसले, शूटिंगचं विचारलं. भाची आत चहा ठेवत होती. बोलता बोलता जावयांनी स्वयंपाकघराकडं मान वळवली आणि ओरडले, "बायकू हायेस का बुजगावणं? हल की!" शिवी दिली नाही. माझ्याकडं बघून डोळा मारला.

आत भांडं पडलं. भाची घाईघाईनं बाहेर आली, चहा निम्मा बशीत सांडलेला. ही पोरगी लहानपणी चार हाका मारल्या तरी जागची उठायची नाही. ती पळत आली. सासरी ती रोज अशीच पळते, हे कुणी सांगायची गरज नव्हती.

"जमलं का मामा, तुमच्यासारखं?" जावयांनी विचारलं.

आता तरी बोल, असं मी स्वतःला म्हणालो. "पाव्हणं," मी म्हणालो, "परत तिला असं बोललात तर माझ्याशी गाठ हाय. तो माणूस नीच हाय. म्या त्याला नीच म्हणूनच लिवलाय."

जावई मांडीवर थाप मारून खो खो हसत सुटले.

"एक नंबर, मामा! पुढच्या सीझनचा हाय का? परत एकदा म्हणा की," म्हणत त्यांनी मोबाईल काढून माझ्यापुढं धरला.

भाचीही हसली. हसत हसतच तिनं मला मान हलवून नको म्हणून खुणावलं, आणि त्यांच्या हातात कप दिला.