खुंटीला सांगितलेला लसूणघास

माझे सासरे माझ्याशी बोलत नसत. भांडण नव्हतं, राग नव्हता. सुनेशी थेट बोलायचं नाही, असा त्या घरातला रिवाज होता, एवढंच. काही सांगायचं असलं तर सासूबाईंमार्फत, आणि सासूबाई घरात नसल्या तर खुंटीला. दाराशेजारी त्यांची काळी टोपी अडकवायची लाकडी खुंटी होती. तिच्याकडे तोंड करून ते म्हणायचे, "जेवायला अवकाश आहे का, विचारा." मी आतून म्हणायचे, "पानं मांडलीत म्हणावं." खुंटी कधी निरोप विसरली नाही, हे मात्र मान्य करायला हवं. मी त्यांना मामंजी म्हणायचे, तेही मनातल्या मनात. हाक मारायची वेळच कधी आली नव्हती.

घर गिरगावात, चाळीच्या दुसऱ्या मजल्यावर. मामंजी परळला गुरांच्या दवाखान्यात कारकून होते. रोज ट्रामने जायचे, ट्रामने यायचे. आयुष्यभर कागद केले, एकाही जनावराला हात लावला नाही, पण घरी आले की गुरांच्या दुखण्यांबद्दल अशा थाटात बोलायचे की ऐकणाऱ्याला वाटावं, नुकतंच ऑपरेशन करून हात धुतलेत.

पहिल्या बाळंतपणाला मी दादरला माहेरी गेले. मुलगी झाली. बारशाला सासरची मंडळी आली. मामंजी खुर्चीत टोपी मांडीवर घेऊन बसले होते, आणि पोर सबंध वेळ किंचाळत होती. मला दूध पुरेसं नव्हतं. अळिवाची खीर झाली, डिंकाचे लाडू झाले, शतावरी झाली. आईने जे म्हणून ऐकलं होतं ते सगळं माझ्या पोटात घातलं. वजन वाढलं ते माझं. पोर होती तशीच, हडकुळी. हातात घातलेल्या काळ्या मण्यांच्या मनगट्या कोपरापर्यंत वर सरकायच्या आणि हात खाली केला की गळून पडायच्या. वडील असते तर त्यांच्यापाशी रडले असते, पण ते माझ्या लग्नाआधीच गेले होते.

तीन महिन्यांची पोर घेऊन सासरी परतले, तर गॅलरीत कठड्यालगत रॉकेलचे डबे आडवे कापून ओळीने मांडलेले, आणि त्यांत हिरवंगार, गुडघ्याएवढं काहीतरी वाढलेलं. मला वाटलं मेथी.

"मेथी कसली! लसूणघास आहे तो," सासूबाई म्हणाल्या. "बारशाहून आले, दुसऱ्या दिवशी पिशवीतून शेणखत घेऊन आले. ऑफिसच्या पिशवीतून! डबा आणायची पिशवी ती. मी जाळून टाकली."

"पण कशासाठी?"

सासूबाईंनी माझ्याकडे पाहिलं, मग पोरीकडे पाहिलं. "व्यालेल्या गाईंना घालतात म्हणे दवाखान्यात. दूध वाढतं."

अगं बाई! मी दादरच्या शाळेत मॅट्रिक झालेली मुलगी, आणि सासऱ्यांनी माझ्यासाठी गॅलरीत वैरण पेरली होती. माझ्या अंगाची लाही लाही झाली. त्यात चाळ. शेजारच्या काकू रोज दारात येऊन म्हणायच्या, "काय गं, चारा घातला का?" आणि स्वतःच हसायच्या. एकदा कुणी तरी नावावर जाऊन फोडणीला लसूण मागायला आलं. वास घेऊन परत गेलं.

संध्याकाळी मामंजी आले, टोपी खुंटीला लावली आणि तिलाच म्हणाले, "कोवळा असताना कापा म्हणावं. दोन बोटं बुडखा ठेवायचा, मुळासकट उपटायचा नाही. पुन्हा फुटतो. फुलावर आला की कामाचा नाही. आणि पाणी बेताचं घालायचं, फार झालं की पिवळा पडतो."

मी खुंटीला म्हटलं, "मी गाय नाही म्हणावं."

मामंजींनी चहा घेतला आणि डब्यांवर जुनं लुगडं पसरायला गॅलरीत गेले. चिमण्या पाला टोचतात म्हणून. मग माझ्याने राहवेना. पाठमोरा, धोतर सावरत वाकलेला तो म्हातारा माणूस, सगळ्या चाळीदेखत गवत झाकतोय, कुणासाठी, तर जिच्याशी बोलायचंसुद्धा नाही अशा सुनेसाठी. दुसऱ्या दिवशी मी मूठभर कापला, मेथीसारखा चिरला, डाळ घालून परतला आणि भाकरीबरोबर खाल्ला. चव बरी होती. गाईंची तक्रार का नसते, ते कळलं.

दूध घासाने आलं की हट्टाने, देव जाणे. पण थोडं थोडं यायला लागलं. कमी पडेल ते दुधाच्या केंद्रावरच्या बाटलीतून भागवायचो.

ते दिवस संयुक्त महाराष्ट्राचे. गिरगावात रोज प्रभातफेरी, रोज घोषणा, रोज कुठे तरी लाठीमार. आमचे हे मिलच्या ऑफिसात होते. घरात मोठ्याने भाषणं करायचे आणि बाहेर गडबड झाली की खिडकी लावून घ्यायचे. मामंजी राजकारणावर चकार शब्द बोलत नसत. त्यामुळे एका दुपारी खालच्या मजल्यावरचे गृहस्थ त्यांची टोपी आणि छत्री घेऊन वर आले, तेव्हा आम्हाला काही उमजेना.

"सत्याग्रहात बसले," ते म्हणाले. "ऑफिसातले सगळे बसले, तर हेही बसले. पोलिसांनी गाडीत घातलं. मी बघ्यांत उभा होतो, टोपी-छत्री माझ्याकडे दिली. आत हरवेल म्हणाले."

सासूबाईंनी टोपी त्यांच्या हातातून घेतली. "काही निरोप?"

"आहे ना. घास कापायला आलाय, फुलावर जाऊ देऊ नका. सकाळचं ऊन दाखवा."

"आणि मला?"

गृहस्थांनी डोकं खाजवलं. "तुम्हाला काही नाही सांगितलं."

सासूबाईंनी टोपी खुंटीला लावली आणि तिला एवढं बोलल्या की मी इथे लिहू शकत नाही. मग देव पाण्यात ठेवायच्या ऐवजी त्यांनी नवस केला. मामंजी सुटून येईपर्यंत रोज गणपतीला एकवीस दूर्वांची जुडी.

त्यानंतर शहर बंद पडलं. कर्फ्यू लागला. दुधाचं केंद्र बंद, पावडरचा डबा मिळेल ती दुकानं बंद. पोरीला आता फक्त मी होते. ती रडायला लागली की मी तिला छातीशी घ्यायचे. खालच्या रस्त्यावर पोलिसांची गाडी फिरायची, वर माझी पोर, आणि मी गॅलरीत बसून पैसे मोजावेत तसे डबे बघायचे. हा एवढा कापला की उद्या तो, मग परवा हा. माझा सगळा जीव त्या घासात होता, खोटं कशाला बोलू?

आणि एका सकाळी गॅलरीत आले, तर डबे बोडके. सगळे.

दूर्वावालीही कर्फ्यूत घरी बसली होती. सासूबाईंनी नवस मोडायला नको म्हणून चुकलेल्या सगळ्या दिवसांच्या मिळून घासाच्या जुड्या बांधल्या होत्या. तीन पानं दिसली, त्यांना पुरे झालं. देव्हाऱ्यातला वीतभर गणपती हिरव्या ढिगाखाली दिसेनासा झाला होता. सोंडेचं टोक तेवढं वर.

पोर भुकेने रडत होती. मी ओरडले. लग्न झाल्यापासून पहिल्यांदा त्या घरात माझा आवाज चढला.

"तो माझा होता! माझ्या पोरीचा होता!"

"देवाला वाहिलाय आता," सासूबाई म्हणाल्या. "देवाचं परत मागतेस? आणि मी कुणासाठी वाहिला? त्यांच्यासाठीच ना? तुझ्या घासाची काळजी आहे त्यांना, माझी नाही, पण मला त्यांची आहे!"

आपल्याला निरोप नव्हता याचं त्यांना किती लागलं होतं, ते मला तेव्हा कळलं. वाईट वाटलं. पण पोर रडत होती.

"परत नाही मागत," मी म्हटलं. "प्रसाद म्हणून द्या."

आमचे हे खिडकीपाशी उभे होते, ते खिडकीपाशीच राहिले.

सासूबाईंनी पदराने डोळे पुसले, गणपतीला हात जोडले, ढीग परातीत काढला आणि विळी पुढे ओढली. "जा, तिला घे. मी निवडते." गणपती उघडा पडला. त्याने काही तक्रार केली नाही. सासूबाईंनी भाजी केली, थालीपिठं लावली, आणि मी खाताना समोर बसून राहिल्या. "अजून घे," म्हणत होत्या. "कोवळाच होता म्हणून बरं."

त्यांनी दोन बोटं बुडखा ठेवला होता. निरोप माझ्यासाठी असला तरी ऐकला त्यांनीही होता. आम्ही दोघी मिळून डबे उन्हाप्रमाणे सरकवत राहिलो. बुडख्यांतून बारीक पोपटी फुटवे आले, तोवर कर्फ्यू उठला, केंद्र उघडलं. पोर तगली.

मामंजी सुटून आले तेव्हा दाढी पांढरी वाढलेली, गाल बसलेले. चाळीने घोषणा दिल्या, कुणी हार घातला. त्यांनी हार काढून सासूबाईंच्या हातात दिला आणि म्हणाले, "तुझ्याकरता निरोप द्यायचा राहिला. गाडी सुटली." सासूबाई "चहा टाकते" म्हणून आत गेल्या त्या नाक ओढतच.

मग ते गॅलरीत जाऊन डबे बघून आले. आत येऊन सवयीने खुंटीसमोर उभे राहिले. टोपी आधीच तिथे होती. मी पोरीला घेऊन चार हात अंतरावर खाली बसले होते. तिच्या मनगटाला वळी पडली होती, मनगट्या रुतायला लागल्या होत्या. मामंजींनी त्या वळीकडे पाहिलं. आणि वळले, माझ्याकडे.

"खाल्लंस ना पोटभर?" ते म्हणाले. "तिथे तेवढाच घोर होता मला."

वडील गेल्यापासून मला असं कुणी विचारलं नव्हतं.

"हो, मामंजी," मी म्हटलं, आणि रडायलाच लागले. ते गडबडून पुन्हा खुंटीकडे वळले, पण तिला सांगण्यासारखं काही सुचेना. मग त्यांनी पोरीला माझ्या मांडीवरून उचललं आणि गॅलरीत घास दाखवायला घेऊन गेले.

पुढे ते त्या घरात बरीच वर्षं होते. खुंटीवर टोपी असायची, निरोप एकही नाही.