कंपाउंडरांचा माकियातो

दवाखाना बंद झाला आणि कंपाउंडर घरी बसले. बसले म्हणजे आपलं म्हणायचं. एकतीस वर्षं उभ्यानं औषधं कालवलेला माणूस, त्याला खुर्ची मानवेना. डॉक्टर थकले, मुलाकडे राहायला गेले. औषधांची कपाटं कुणीतरी उचलून नेली. कंपाउंडरांचे हात मात्र शिवशिवतच राहिले. त्या हातांनी घरातले चांगले चालणारे नळ उघडले, पंखा उतरवला, आणि एका दुपारी स्वयंपाकघरातल्या डब्यांवर चिठ्ठ्या चिकटवल्या.

"मिठावर 'चिमूटभर, दिवसातून दोनदा' कुणी लिहिलं?" बायको कमरेवर हात ठेवून उभी.

"तू अंदाजानं घालतेस."

"इतकी वर्षं अंदाजाचंच जेवताय ना? अहो, बाहेर पडा कुठंतरी, नाहीतर उद्या मलाच बाटलीत भरून बूच लावाल."

ते बाहेर पडले. गल्लीच्या टोकाला कॉफीचं दुकान होतं आणि काचेवर कागद लावला होता: सकाळच्या पाळीसाठी माणूस हवा. मालकीणबाई त्यांच्या लेकीच्या वयाच्या. कंपाउंडरांना नखशिखांत न्याहाळून म्हणाल्या, "पंधरा दिवस शिका काका. सोळाव्या दिवशी मी स्वतः परीक्षा घेईन. जमलं तर मशीन तुमचं. नाहीतर..."

"नाहीतर घर," कंपाउंडर म्हणाले.

बाकी सगळं त्यांनी आठवड्यात उचललं. अडलं ते माकियातोपाशी.

"बोटभर कडक कॉफी, ती एस्प्रेसो," मालकीणबाईंनी समजावलं. "तिच्यावर दुधाच्या फेसाचा एवढासा ठिपका. इटालियन भाषेत माकियातो म्हणजे डाग पडलेला."

"शर्टावर पडतो तसा?"

"तसाच. कॉफी कॉफीच राहायला हवी, फक्त तिची धार मोडायला हवी."

"दूध किती?"

"थोडंसं."

"थोडंसं म्हणजे किती?"

"कॉफी मागेल तेवढं."

पेशंटनं मागितलं म्हणून कंपाउंडरांनी कधी औषध वाढवलं नव्हतं. इथं तर कॉफीच मागणार होती. दुसऱ्या दिवशी त्यांनी घरून काचेचं मापपात्र आणलं. पूड तोलून, फेस मोजून, कपाचा कान उजवीकडे. त्यांचे कप ओळीनं ठेवले तर कुठला आधीचा नि कुठला नंतरचा हे ब्रह्मदेवालाही सांगता आलं नसतं.

तरी रोज कुणीतरी तक्रार करायचंच.

"काका, काल झकास होता. आज एका घोटात तोंड वाकडं झालं," टपालवाला म्हणाला.

"माप तेच आहे."

"मापाचं काय करू? पिऊ?"

दुकान हसलं. कंपाउंडर हसले नाहीत. त्या दिवशी घरी आल्यावर ते जेवणाच्या टेबलाभोवती फेऱ्या मारत राहिले. पूड तीच, दूध तेच, मशीन तेच. मग चव का हलते?

"उद्या परीक्षा, आणि काय चुकतंय तेच सापडेना."

"कशी लागते ती?" बायकोनं भाजी चिरता चिरता विचारलं.

"कुठली?"

"तुम्ही करता ती कॉफी, दुसरी कुठली!"

कंपाउंडर टेबलाच्या कोपऱ्याशी थबकले. पंधरा दिवसांत त्यांनी शेकड्यांनी कप केले होते आणि एकही ओठांना लावला नव्हता. कामाच्या पहिल्याच दिवशी डॉक्टरांनी बजावलं होतं: आपण कालवलेलं तोंडात घालायचं नाही, बोटसुद्धा चाटायचं नाही. एकतीस वर्षं हे व्रतासारखं पाळलं. दवाखाना सुटला तरी ते सुटलं नव्हतं, आणि हे त्यांच्या ध्यानातही आलं नव्हतं.

"अगंबाई," बायको म्हणाली. तिनं सुरी खाली ठेवली. "म्हणजे तुम्ही आंधळ्यासारखे..." आणि मग त्यांचा चेहरा बघून तिनं वाक्य तिथंच सोडलं.

सकाळी मालकीणबाई गिऱ्हाइकासारख्या काउंटरच्या पलीकडे बसल्या. "तीन माकियातो. दहा मिनिटं."

मशीनच्या दोन तोट्यांतून दोन कपांत कॉफी उतरली. एक द्यायचा, दुसरा जास्तीचा. तो ते नेहमी मोरीत ओतून टाकत. आज त्यांनी तो उचलला. मागून कुणी मनगट धरल्यासारखा हात ओठांपर्यंत जाऊन अडला. मग त्यांनी डोळे मिटून घोट घेतला.

आंबट. कच्च्या लिंबासारखी आंबट. अशी कॉफी त्यांनी लोकांना पाजली होती, हसून, वर कपाचा कान उजवीकडे करून. कॉफीच्या बिया आज सकाळीच नव्या पिशवीतल्या भरल्या होत्या आणि दळणयंत्र मात्र जुन्या बियांच्या मापावरच लावलेलं होतं. पूड जाड पडली, पाणी तिच्यातून भसकन निघून गेलं. दोन्ही कप त्यांनी ओतून टाकले.

"अहो, वेळ जातोय!"

"जाऊ दे."

त्यांनी दळण बारीक केलं. पुन्हा काढली, पुन्हा चाखली. आता कडू जहर. दळण किंचित जाड. तिसऱ्यांदा कॉफी मधासारखी सावकाश उतरली. चव कडकच होती, पण बोचणारी नव्हती. त्यांनी जास्तीच्या कपात चमच्यानं फेसाचा ठिपका ठेवला आणि घोट घेतला. जिभेच्या कडेला अजून काहीतरी टोचत होतं. आणखी अर्धा चमचा. आता टोचणं थांबलं, आणि कॉफी कॉफीच राहिली. तेवढाच फेस त्यांनी दुसऱ्या कपात ठेवला आणि कप पुढे सरकवला. मापपात्र कोरडंच राहिलं होतं.

"चौदा मिनिटं झाली. मी तीन सांगितले होते."

"एकच झाला. बाकीचे देण्यासारखे नव्हते."

त्या प्यायल्या. मध्येच थांबल्या, कपात पाहिलं, उरलेला घोटही घेतला. कंपाउंडर एका पायावरून दुसऱ्या पायावर होत राहिले.

"गर्दीत एवढा वेळ कोण देणार तुम्हाला?"

"दुकान उघडायच्या आधी तासभर येईन. दळण लावून ठेवीन, चाखून."

"रोज?"

"रोज. पिशवी बदलली की पुन्हा."

मालकीणबाईंनी गल्ल्यातून किल्ली काढली आणि काउंटरवर ठेवली. "सहाला या मग. पण टपालवाल्याला पहिला कप फुकट द्या, त्याचं तोंड सरळ करायचंय."

कंपाउंडर किल्ली घेऊन बाहेर आले. जन्मात कॉफी न प्यायलेल्या माणसानं सकाळपासून पाच-सहा घोट पोटात रिचवले होते. छातीत धडधडत होतं. आनंदानं की कॉफीनं, ते त्यांना कळेना. घराच्या दाराशी आले आणि आत न जाताच वळले. एक फेरी मारून येऊ, असं मनाशी म्हणाले, मग आणखी एक.